कशालाच न जोडलेला नॉब

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणी मला शिकवायला नको. या ग्रुपवर मला एका मित्रानं ॲड केलं. इथले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचो आणि हसायचो. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा… मी शेंद्र्याला एका कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. एखादा सेन्सर चुकीचं रीडिंग द्यायला लागला तर वायर तुटलेली असते, आत पाणी गेलेलं असतं, नाहीतर उंदरानं कुरतडलेलं असतं. याच्यापलीकडचं कारण मला नोकरीत कधी सापडलं नाही. आजही मी भूतबीत मानत नाही. पण जे झालं ते मला कुठंच बसवता येत नाहीये, आणि त्यानं माझं डोकं फिरायची वेळ आलीय. म्हणून लिहितोय.

गोष्ट माझ्या दिगूकाकांची आहे. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमची शेती लासूर स्टेशनजवळ. काकांचं शेतात कधी मन लागलं नाही. तरुणपणीच ते शहरात आले, गुलमंडीवर कापडाच्या दुकानात लागले आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायला लागले. लग्नं, गणपती, जयंत्या, उरूस… जिथून बोलावणं येईल तिथं. बास कुणाकडून तरी घेतलेला जुना जपानी, लाल रंगाचा. त्याच्यावरचं कंपनीचं नाव घासून घासून कधीच गेलं होतं.

त्याच ऑर्केस्ट्रात सुलूकाकू गायची. ती ब्राह्मणाघरची, वडील कचेरीत हेडक्लार्क. आम्ही मराठा. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांत बराच धुरळा उडाला म्हणे, पण पुढं सगळे निवळले. काकूनं संसार, मुलगी आणि गाणं, तिन्ही नीट सांभाळलं. काही वर्षांपूर्वी ती गेली. काकांनी बास पलंगाखाली सारला आणि नंतर त्याला हात लावला नाही.

मग काकांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणंही जवळजवळ गेलं. व्हय, नाय, नको असे मोजकेच शब्द राहिले, आणि त्यातला नको सगळ्यात जास्त. व्यायाम नको, वॉकर नको, जेवण नको. ते सिडकोत रूपालीकडं राहतात. रूपाली म्हणजे त्यांची मुलगी, शाळेत शिकवते. ती मला फोन करून रडायची.

"दादा, पप्पा जेवंनात, बोलंनात. फिजिओवाला येतो अन् तसाच माघारी जातो. डॉक्टर म्हणले, ह्यांच्या स्वतःच्या मनात नसंल तर आम्ही काय करावं? मला तर काय सुचंनाच झालंय."

बास मी काकांकडूनच शिकलो. सुट्टीच्या दिवशी त्याच ऑर्केस्ट्रात मी वाजवतो. एके दिवशी काहीतरी करायचं म्हणून पलंगाखालचा बास काढला, पुसला, नव्या तारा चढवल्या आणि खुर्चीत बसलेल्या काकांच्या मांडीवर ठेवला. डावा हात आपोआप दांडीवर गेला. बोटं जागच्या जागी बसली. उजवा हात तर निकामी, त्यामुळं तार छेडणार कोण? काकांनी डाव्या बोटांनीच तारा ठोकायला सुरुवात केली. आवाज अगदी बारीक. पण त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. कित्येक महिन्यांत त्यांनी असं कुणाकडं बघितलं नव्हतं.

आता थोडं वायरिंग समजून घ्या, फार नाही. बासच्या तारांखाली पिकअप असतो. तारेचा कंप तो पकडतो आणि त्याचा सिग्नल व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटमधून बाहेरच्या जॅकला, म्हणजे ॲम्पची केबल लागते तिथं, जातो. पॉट म्हणजे नॉबच्या खाली बसवलेला डबीसारखा भाग. प्रत्येक पॉट थोडाफार सिग्नल खातो. एका हातानं ठोकून वाजवायचं तर आवाज मुळातच कमी, आणि नॉब फिरवायला काकांचा हातही नाही. म्हणून मी ठरवलं, मधली सगळी भानगड काढून टाकायची आणि पिकअप थेट जॅकला जोडायचा. काम सोपं होतं.

टोनचा पॉट काढला आणि तिथल्या भोकाला टोपण लावलं. व्हॉल्यूमच्या पॉटच्या वायरी काढल्या, वायरी जोडायचे त्याचे तिन्ही पाय कटरनं मुळापासून छाटले. तो पॉट मात्र जागेवर ठेवावा लागला, कारण तिथं वरच्या प्लेटला तडा गेला होता आणि पॉटच्या नटानंच ती धरून ठेवली होती. तर वर एक नॉब उरला, पांढऱ्या ठिपक्याचा. फिरवला तर फिरायचा, पण कशालाच जोडलेला नव्हता. हे नीट लक्षात ठेवा. खुर्चीच्या हातावर चिकटवला असता तरी त्याचा एवढाच उपयोग झाला असता.

आवाज दणदणीत आला. काकांनी एका जुन्या हिंदी गाण्याचा मुखडा वाजवला. गाण्याचं नाव सांगत नाही, सांगितलं की लोक अनुभव सोडून ते ऐकत बसतात. रूपाली स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानं बाहेर आली आणि तशीच उभी राहिली.

त्यानंतर रोज दुपारी ती शाळेतून आली की काका बासकडं बोट दाखवायचे. रूपाली हुशार. आधी व्यायाम, मग बास, असं तिनं ठरवून टाकलं. काका फिजिओवाल्याला हात देऊ लागले. दोन घास जास्त जाऊ लागले. ऑर्केस्ट्राचे सलीमभाई, जे कीबोर्ड वाजवतात आणि सगळा ग्रुप चालवतात, त्यांनी जुन्या कलाकारांचा मेळावा ठरवला. काकांनी तेच गाणं वाजवावं असं त्यांचं म्हणणं. मी भीत भीत विचारलं. उत्तर नकोच येणार अशी माझी खात्री होती.

"व्हय," काका म्हणाले.

रूपालीनं त्यांना ते परत म्हणायला लावलं. परत व्हय. त्या दिवशी तिनं शेजारीपाजारी पेढे वाटले.

आणि इथून माझा वैताग सुरू झाला. मुखडा मस्त वाजायचा, पण अंतरा आला की आवाज खाली जायचा. खरखर नाही, तुटणं नाही. एखाद्यानं सावकाश व्हॉल्यूम कमी करावा तसा उतरायचा आणि मुखडा परत आला की तसाच अलगद वर यायचा.

मी म्हटलं, केबल. केबल बदलली. तेच. ॲम्प बदलला, माझ्या घरचा आणला. तेच. जॅक नवा टाकला, पैठण गेटवरून आणून. पिकअपची दोन्ही टोकं परत सोल्डर केली. बाहेरच्या विजेचा त्रास नको म्हणून आतून तांब्याची पट्टी लावली. फ्रीज बंद केला, पंखा बंद केला, शेवटी शेजाऱ्यांना इन्व्हर्टर बंद करायला सांगून आलो. ते माझ्याकडं बघतच राहिले. मी स्वतः तेच गाणं त्याच बासवर वाजवलं तर सगळं ठणठणीत. काका वाजवायला लागले की अंतऱ्याला आवाज खाली.

मग वाटलं, काका अंतऱ्याला हळू ठोकत असतील. म्हणून त्यांनी डाव्या हातानं तारा दाबायच्या आणि मी माझ्या हातानं छेडायच्या, असं केलं. मुखड्याला छेडत होतो त्याच जोरानं अंतरा छेडला. आवाज गेला खाली. माझ्याच बोटाखाली! कंपनीत अशा वेळी मी हेल्परवर ओरडतो. इथं ओरडायला कुणी नव्हतं, तर स्वतःच्याच मांडीवर थापट मारली.

त्याच दिवशी माझं लक्ष नॉबकडं गेलं. सुरुवातीला पांढरा ठिपका वर होता. गाणं अंतऱ्यात थांबवलं तेव्हा तो खाली होता.

मी म्हटलं, काकांचा उजवा हात मांडीवर पडलेला असतो, तो घासत असेल. रूपालीला शेजारी बसवलं आणि काकांचा उजवा हात तिच्या दोन्ही हातांत धरायला सांगितला. परत गाणं. ठिपका परत खाली.

"दादा, मी सोडला नाय हात. देवाशप्पथ," रूपाली म्हणाली.

"अगं हात सोडला असता तरी काय? नॉब फिरला तर फिरू दे की! तो कशालाच जोडलेला नाही. त्याचे पाय मी स्वतः कापलेत. मग आवाज का उतरतोय?"

"ओरडू नको ना. पप्पा घाबरतेत."

पप्पा अजिबात घाबरलेले नव्हते. ते शांत बसले होते, तिरक्या ओठांनी काहीतरी गुणगुणत. मला त्याचाही राग आला. मी घाम गाळतोय आणि ह्यांना गाणं सुचतंय.

मग मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ काढला, नॉब बरोबर मधोमध धरून. मुखड्याला ठिपका वर, स्पष्ट दिसतो. अंतरा सुरू होतो आणि मोबाइलला नेमकं तेव्हाच काकांच्या चेहऱ्यावर फोकस करावंसं वाटतं. खालचं सगळं धुरकट. फोकस परत नॉबवर येतो तोवर ठिपका खाली. परत काढला. परत तेच. दुसऱ्या फोनवर काढायला घेतला तर नळाला पाणी आलं. आमच्याकडं आठवड्यातून कधीतरी येणारं पाणी. रूपाली हात सोडून टाक्या भरायला पळाली, आणि त्यानंतर काका दमले. तो व्हिडिओ अजून माझ्याकडं आहे. त्यात नॉब फिरताना दिसत नाही, काका हसताना मात्र चांगले दिसतात.

मेळाव्याच्या आधी सलीमभाई सरावाला घरी आले, कीबोर्ड घेऊन. पहिल्याच अंतऱ्याला बास खाली गेला तसे त्यांचे हात थांबले. त्यांनी काकांकडं बघितलं, मग नॉबकडं, मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढचं गाणं कसंबसं पूर्ण केलं. जिन्यात मी त्यांना गाठलं.

"काय झालं सलीमभाई? तुम्हालाही ऐकू आलं ना? सांगा ना, कुठं फॉल्ट असेल?"

"फॉल्ट नै है मियाँ." ते पायरीवर बसले. "तेरी चाची का नीचे का सुर कमजोर था. ऊपर क्या गाती थी, माशाल्ला! पर ये गाने का अंतरा नीचे जाता, तो उनकी आवाज बास के नीचे दब जाती थी. तो दिगूभाई अंतरे में छोटी उँगली से व्हॉल्यूम गिरा देते थे, फिर मुखड़े पे उठा देते थे. हर प्रोग्राम में. भाभी कू कभी मालूम नै पड़ने दिए."

"मग आता कोण कमी करतंय?"

"वो मेरे कू नक्को पूछ," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

खरं सांगतो, मला रडू वगैरे आलं नाही. मी भडकलो. मला कारण हवं होतं आणि हा माणूस मला गोष्ट सांगून गेला. शिवाय मेळावा तोंडावर आलेला. आमचे ऑर्केस्ट्रावाले स्टेजसमोर टाळ्या वाजवतात आणि बाहेर चहा पिताना सगळ्यांची सालटी काढतात. भर कार्यक्रमात बास खाली गेला तर सगळे हेच म्हणणार, दिगूभाऊंचा हात गेला हो. एवढ्या मुश्किलीनं हा माणूस उठून बसलाय. तो त्या एका वाक्यानं परत आडवा झाला असता. ही भीती खरी होती, अजूनही वाटतं.

म्हणून आदल्या दिवशी दुपारी काका झोपलेले असताना मी तो बिनपायाचा पॉटही काढून टाकला. त्याची धातूची डबी पिकअपच्या वायरीजवळ असल्यानं काहीतरी होत असेल, असं स्वतःला समजावलं. मला स्वतःलाही ते पटत नव्हतं. पण पूर्ण बासमध्ये काढण्यासारखं तेवढंच उरलं होतं. प्लेटचा तडा चिकटवला, भोकाला काळं टोपण बसवलं.

रूपाली दारात उभी होती. "पप्पांना इचारलं का?"

"वायरिंगचं त्यांना काय विचारायचं?"

तिनं दार ओढून घेतलं.

मेळावा मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी. काकांना व्हीलचेअरवरून स्टेजवर नेलं. रूपालीनं त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. गायला एक नवी मुलगी होती, चांगल्या तयारीची. मुखडा झाला. अंतरा आला. मी ॲम्पशेजारी उभा.

आवाज उतरला नाही. तसाच भरदार, पूर्ण अंतराभर. त्या मुलीचा खालचा सूरही बासच्या वर स्वच्छ ऐकू आला. गाणं संपल्यावर लोक उभे राहिले. जुने वादक डोळे पुसत होते. मी मनात म्हटलं, जमलं एकदाचं! तिथल्या तिथं उडी मारावीशी वाटली.

मग मी काकांकडं बघितलं. अंतऱ्यात त्यांनी एकदा मान खाली घालून बासकडं बघितलं होतं, हे मी स्टेजवरच पाहिलं होतं. मला वाटलं, बोटं बघतायत. ते लोकांकडं बघत नव्हते. टाळ्या चालू होत्या आणि ते त्या काळ्या टोपणाकडं बघत होते.

घरी आल्यावर पलंगाखाली बोट दाखवून म्हणाले, "ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी रूपालीनं बास आणला. नको. तिसऱ्या दिवशी नको. फिजिओवाला आला, नको. जेवण, नको. सगळं परत पहिल्यासारखं.

आता माझी परिस्थिती बघा. जन्मभर मी फॉल्ट काढत आलो आणि आता तोच फॉल्ट परत आणण्यासाठी धडपडतोय. तो बिनपायाचा पॉट होता तसा परत बसवला. ठिपका वर. काकांची विनवणी करून एकदा वाजवायला लावलं. मुखडा वाजवला, अंतरा आला, आवाज भरदार. ठिपका जागचा हलला नाही. काकांनी मधेच थांबून थोडी वाट बघितली. मग बास माझ्याकडं सरकवला. मी जुनी केबल परत लावली, जुना जॅक लावला, तांब्याची पट्टी उपटून काढली. काही नाही. वायरिंग इतकं चांगलं चाललंय की फेकून द्यावंसं वाटतं.

गेल्या रविवारी शेवटचा उपाय केला. नवा पॉट आणून रीतसर जोडला, म्हणजे नॉब फिरवला की आवाज खरोखर कमी होईल असा. काकांच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसलो. रूपालीनं गळ घातली म्हणून ते वाजवायला लागले. अंतरा आला तशी मी माझी करंगळी नॉबवर ठेवली आणि सावकाश आवाज उतरवला. अगदी तसाच, सलीमभाईंनी सांगितला होता तसा. मला वाटलं, चांगला जमला.

काका वाजवायचे थांबले. डावा हात तारांवरून उचलून त्यांनी माझी करंगळी धरली आणि नॉबवरून बाजूला केली. रागानं नाही.

"तू नको," ते म्हणाले.

झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून दोन शब्द एकत्र आलेले मी पहिल्यांदाच ऐकले. रूपाली आत निघून गेली. मी बास पुसून पलंगाखाली ठेवला.

तर हे असं आहे. पाय कापलेला पॉट आवाज कसा कमी करत होता, मला माहीत नाही. नॉब कोण फिरवत होतं, माहीत नाही. काढल्यावर जे थांबलं ते परत बसवल्यावर का आलं नाही, तेही माहीत नाही. माझ्या सगळ्या शिक्षणाला याचं उत्तर देता आलेलं नाही आणि सलीमभाई विषय काढला की दुसरंच बोलतात. ड्राय सोल्डर, अर्थिंग, मानसिक वगैरे कृपा करून कुणी लिहू नका, ते सगळं मी करून, तपासून आणि स्वतःला सांगून झालंय. लिंबू-मिरची, शांती, उतारा वगैरेही नको. कुणी ते घालवायचे उपाय सांगायला येईल म्हणून आधीच सांगतोय. मला घालवायचं नाहीये. मी ते घालवून बसलोय.

काका आजही जेवले नाहीत. तुमच्यापैकी कुणाकडं असलं काही एकदा जाऊन परत आलं असेल, तर ते कसं आलं एवढंच लिहा.